गॅस गीझरचं धुराडं आणि खिडकी : या चुका टाळा

दिवाळीचे आकाशकंदील उतरले की ग्वाल्हेरात गॅस गीझर भिंतीवर चढायला लागतात. जानेवारीतल्या पहाटे पारा चार-पाच अंशांवर येतो, आणि इथल्या लष्कर नावाच्या भागातल्या जुन्या वाड्यांचं वायरिंग तीन किलोवॅटचा विजेचा गीझर पेलेल असं नसतं. म्हणून लोक गॅसकडे वळतात, आणि त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. म्हणणं आहे ते एवढंच की धुराची नळी कुठे सोडायची हा विचार मिस्त्री हत्यारं पिशवीत भरत असताना होतो. मी गीझर बसवतो, पण दुसऱ्यांनी बसवलेले काढून परत लावण्यातच माझा हिवाळा जातो.

नळीचं तोंड खिडकीखाली सोडणं

माझ्या डोक्यात तिडीक जाते ती याच चुकीने. लोकांना वाटतं, धूर घराबाहेर पडला म्हणजे झालं. अहो, गरम वायू वरच चढणार, आणि वर खिडकी असेल तर तो तिथूनच आत येणार.

लष्करातल्या एका वाड्यात काकूंनी बोलावलं होतं ते वेगळ्याच कामासाठी, पाणी पुरेसं तापत नाही म्हणून. गीझर चौकात, न्हाणीच्या बाहेरच्या भिंतीवर. जागा बरी वाटली. वर मान केली तर चौकावर माकडांच्या त्रासापायी फायबरचे पत्रे घातलेले, म्हणजे नावाला चौक, प्रत्यक्षात बंद खोली. आणि नळीचं तोंड माडीवरच्या आजींच्या खिडकीच्या हातभर खाली. खिडकीच्या खालच्या पट्टीचा पांढरा रंग पिवळा पडलेला, कोपऱ्यात बोट फिरवलं तर काजळी लागली.

“आजींची तब्येत कशी असते?” मी विचारलं.

“रोज सकाळी डोकं धरतं त्यांचं. मळमळतं. पित्ताच्या गोळ्या झाल्या, चष्म्याचा नंबर बदलून झाला. गंमत म्हणजे नणंदेकडे इंदूरला गेल्या की ठणठणीत असतात.”

आजींना बंद खोलीत झोप येत नाही, म्हणून खिडकी चार बोटं उघडी ठेवायची सवय. खाली सकाळी सगळ्यांच्या आंघोळी एकापाठोपाठ एक चालायच्या. मी उदबत्ती पेटवून खिडकीच्या फटीशी धरली. धूर बाहेर जायचं नाव घेईना, सरळ आत ओढला गेला. खोलीतली ऊबदार हवा वरच्या झरोक्यातून निघून जात होती आणि तिची जागा भरायला चौकातली हवा खालच्या फटीतून येत होती. काकूंनी ते पाहिलं आणि आधी गीझरची कॉक बंद केली.

ज्याने बसवला होता त्याचं म्हणणं, “कुछ नहीं होता भैया, यहाँ पाइप छोटा पड़ता था.” गॅसची नळी हातभर कमी लागावी म्हणून आजींना पित्ताच्या गोळ्या! मी गीझर उचलून गल्लीकडच्या भिंतीवर नेला, जिथे जवळपास एकही खिडकी नाही, आणि गरम पाणी सीपीव्हीसी पाइपाने आत आणलं. खर्च वाढला. काकू कुरकुरल्या, पण दिला.

अंतराचं म्हणाल तर अमेरिकेतले नियम पंख्याच्या जोरावर धूर बाहेर फेकणाऱ्या उपकरणांसाठी असं सांगतात : तोंड खिडकीच्या खाली किंवा बाजूला असेल तर चार फूट लांब, वर असेल तर किमान एक फूट. त्यांच्या घरांभोवती मोकळं अंगण असतं, आपल्याकडे वाडे आणि फ्लॅटमधले डक्ट, म्हणजे इमारतीतल्या अरुंद उभ्या पोकळ्या. म्हणून मी खिडकीखाली नळी सोडतच नाही, बाजूला सहा फूट धरतो, आणि आतल्या कोपऱ्यात, जिथे वारा कोंडतो, तिथे तर नाहीच. आपल्या गीझरच्या पुस्तिकेत जास्त अंतर लिहिलं असेल तर ते धरावं. शेजाऱ्याची खिडकीही खिडकीच असते, हे सांगावं लागतं याचं वाईट वाटतं. फ्लॅटमध्ये डक्टात सोडलेला धूर तिसऱ्या मजल्यावरच्यांच्या न्हाणीत जातो.

“खिडकी आहे ना” म्हणून गीझर न्हाणीच्या आत लावणं

बाजारात मिळणाऱ्या स्वस्त गीझरना बहुतेकदा धुराडंच नसतं, वर नुसत्या फटी असतात. तो बंद न्हाणीत लावायचाच नाही, यावर माझ्याशी वाद घालू नका. एक किलो एलपीजी नीट जळायला बारा-तेरा घनमीटर हवा लागते. सहा लिटरचा गीझर पूर्ण ज्योतीवर तासाला जवळपास किलोभर गॅस खातो. पाच बाय सहाची, आठ फूट उंच न्हाणी म्हणजे जेमतेम सात घनमीटर. ही सगळी हवा अर्ध्या तासाची, पण ज्योत बिघडायला ती संपावी लागत नाही. प्राणवायू थोडा कमी झाला, तीच जळकी हवा पुन्हा ज्योतीत गेली, की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होऊ लागतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास घातलेला असतो, याला कोण घालणार?

आणि खिडकी उघडी ठेवतंय कोण? संक्रांतीच्या सुमारास मी पाहिलेल्या न्हाण्यांत झरोक्यात वर्तमानपत्र कोंबलेलं असतं.

न्हाणीत एक्झॉस्ट फॅन बसवला की काम झालं, असं समजणं

उलट बिघडतं. आतल्या गीझरला नैसर्गिक ओढीचं, म्हणजे पंख्याशिवाय गरम धूर आपोआप वर चढून जातो असं धुराडं असेल आणि दार-खिडकी बंद असेल, तर फॅनला हवा कुठून तरी हवीच, ती तो धुराड्यातूनच खेचतो. बाहेर जाणारा धूर उलटा खाली येतो. फॅन लावून फोटो पाठवणाऱ्यांना मी आता उत्तर देत नाही, थेट फोन करतो.

किरकोळ म्हणून सोडून दिल्या जाणाऱ्या गोष्टी :

धुराला पीव्हीसी पाइप वापरू नका, तो वितळतो. सोबत आलेला धातूचाच वापरा.

तीन-चार बाक देऊन नळी फिरवू नका. बाक वाढले की ओढ कमी होते.

तोंडावर टोपी हवी. बारीक जाळी नको, काजळीने बुजते. कबुतरं घरटं करतात, तेव्हा दिवाळीआधी एकदा वाकून बघा.

ज्योत निळी हवी. पिवळी, लवलवती दिसली तर आंघोळ नको, सर्व्हिसवाल्याला बोलवा.

गॅस गळतीचा अलार्म कार्बन मोनॉक्साइड ओळखत नाही. त्याचा अलार्म वेगळा घ्यावा लागतो, तो झोपायच्या खोलीजवळ लावा.

वीस मिनिटांनी आपोआप बंद होणारा गीझर आहे म्हणून निर्धास्त राहणारे मला सर्वात जास्त भेटतात. बंद झाला की लगेच परत सुरू करतात, कारण दुसऱ्याला ऑफिसला जायचंय. दोन आंघोळींच्या मध्ये दार-खिडकी उघडून दहा मिनिटं थांबा म्हटलं तर तोंड वाकडं होतं. दोन बादल्या भरून घ्या, गीझर बंद करा, मग अंगावर पाणी घ्या. माझ्या घरी हेच चालतं.

आणि आत गेलेलं माणूस हाकेला ओ देत नसेल तर दार तोडा, श्वास रोखून आत जा, गॅस बंद करा, त्याला मोकळ्या हवेत ओढा, 108 ला फोन करा. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर 98 दाखवला तरी त्यावर विसंबू नका, रक्तात कार्बन मोनॉक्साइड असला तरी तो आकडा चांगलाच दाखवतो. दवाखान्यात “चक्कर आली” असं न सांगता “गॅस गीझर चालू होता” हे आधी सांगा, म्हणजे डॉक्टर ऑक्सिजन लगेच लावतील.