पेशींच्या घड्याळावर नजर ठेवताना: दाहाच्या संशोधनात नव्याने येणाऱ्यांसाठी

प्रतिकारक पेशींमधील संदेशवहन हा विषय मी पीएचडीसाठी निवडला तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर पाठ्यपुस्तकातली आकृती होती. पेशीच्या आवरणावर एक रिसेप्टर, म्हणजे बाहेरचा संदेश ओळखणारे प्रथिन, त्याखाली बाणांची साखळी आणि शेवटी केंद्रकात शिरून जनुके चालू करणारे प्रथिन, असे ते चित्र होते आणि त्यात वेळ कुठेच दाखवलेला नव्हता. पुण्यातील प्रयोगशाळेत पहिले वर्ष काढल्यावर माझ्या लक्षात आले की, संदेश कोणत्या वाटेने गेला हे शोधणे तुलनेने सोपे असते. तो केव्हा सुटला, किती वेळ टिकला आणि त्याला कोणी थांबवले, हे शोधण्यात आयुष्य जाते. या क्षेत्रात येऊ इच्छिणाऱ्यांनी ही गोष्ट आधीच मनाशी धरावी, असे मला कळकळीने वाटते.

एनएफ-कप्पा-बी या जनुके चालू करणाऱ्या प्रथिनाचेच उदाहरण घ्या. रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९८६ मध्ये बी पेशींमध्ये, म्हणजे अँटिबॉडी बनवणाऱ्या प्रतिकारक पेशींमध्ये, हे प्रथिन शोधले. त्याच वर्षी त्यांनी असेही दाखवले की, पेशीत नवी प्रथिने बनणे औषधाने रोखले, तरी जिवाणूंच्या आवरणातील लिपोपॉलिसॅकराइड, म्हणजे एलपीएस, दिल्यावर एनएफ-कप्पा-बी कामाला लागते. याचा अर्थ ते पेशीत आधीपासून तयार असते, फक्त बांधून ठेवलेले असते. बांधून ठेवणारे प्रथिन म्हणजे आय-कप्पा-बी. संदेश आला की त्यावर फॉस्फेटची खूण होते, ते नष्ट केले जाते आणि मोकळे झालेले एनएफ-कप्पा-बी केंद्रकात जाऊन टीएनएफसारख्या दाहकारक प्रथिनांची जनुके चालू करते. यातला मला सर्वांत विलक्षण वाटणारा भाग असा की, त्या जनुकांमध्ये आय-कप्पा-बीचे स्वतःचे जनुकही असते, त्यामुळे संदेश सुरू होतानाच स्वतःला थांबवण्याची तजवीज करून ठेवतो. आय-कप्पा-बी-अल्फाचे जनुक काढून टाकलेली उंदरांची पिल्ले जन्मानंतर सात ते दहा दिवसांत मरतात.

हे सारे प्रत्यक्ष पाहण्यासाठी नवख्या विद्यार्थ्याला सहसा एकच प्रयोग दिला जातो आणि तो मनापासून करावा. उंदराच्या मांडीच्या हाडातील मज्जा काढून त्या पेशी सुमारे सात दिवस वाढवल्या की मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या प्रतिकारक पेशी, तयार होतात. त्यांना एलपीएस देऊन ०, ५, १५, ३०, ६० आणि १२० मिनिटांनी पेशी फोडायच्या आणि वेस्टर्न ब्लॉटवर, म्हणजे अँटिबॉडीच्या मदतीने एखादे प्रथिन पट्टीच्या रूपात दाखवणाऱ्या चाचणीत, आय-कप्पा-बी पाहायचे. पहिल्या रकान्यात ठळक असलेली पट्टी १५ ते ३० मिनिटांच्या सुमारास जवळपास नाहीशी होते आणि तासाभराने पुन्हा उमटते. ती परत आलेली पट्टी मी पहिल्यांदा पाहिली त्या संध्याकाळी मला घरी जावेसे वाटले नव्हते. मात्र त्याआधी माझे तीन ब्लॉट वाया गेले होते, कारण मी सगळ्या ताटल्या एकदम बाहेर काढून एकेक करत पेशी फोडत असे आणि शेवटच्या ताटलीची पाळी येईपर्यंत १५ मिनिटांची २२ मिनिटे झालेली असत. यावर उपाय साधा आहे. एलपीएस उलट क्रमाने द्यावे, १२० मिनिटांच्या ताटलीला सर्वांत आधी, म्हणजे सगळ्या ताटल्या एकाच क्षणी बर्फावर ठेवता येतात. पेशी फोडण्याच्या द्रावणात फॉस्फेटेज रोखणारी रसायने त्याच दिवशी मिसळावीत, कारण पेशी फुटली तरी तिच्यातली एन्झाइमे थांबत नाहीत आणि फॉस्फेटच्या खुणा तुमच्या डोळ्यांदेखत पुसून टाकतात. फॉस्फेटच्या खुणा ओळखणारी अँटिबॉडी वापरताना ब्लॉट दुधाच्या भुकटीत भिजवू नये. दुधातल्या केसीनवरही फॉस्फेट असते आणि त्यामुळे ब्लॉटची पार्श्वभूमी काळवंडू शकते.

पेशीमालिका, म्हणजे प्रयोगशाळेत सतत वाढवता येणाऱ्या पेशी, वापरणाऱ्यांसाठी एक सावधगिरी. टीएचपी-१ या मानवी पेशी, ज्या रक्ताचा कर्करोग झालेल्या एका वर्षाच्या मुलाकडून मिळाल्या होत्या, पीएमए हे रसायन देऊन मॅक्रोफेजसारख्या बनवल्या जातात. पण पीएमए स्वतःच एनएफ-कप्पा-बीला जागे करते. म्हणून ते धुऊन काढून पेशींना निदान एक दिवस विसावा द्यावा, नाहीतर शून्य मिनिटाचा नमुना शून्याचा राहत नाही.

आता माझ्या सर्वांत महागात पडलेल्या चुकीबद्दल. दुसऱ्या वर्षी मी एका परजीवीचे प्रथिन ई. कोलाय जिवाणूंमध्ये बनवून मॅक्रोफेजना देत होते आणि पेशी भरघोस टीएनएफ बनवत होत्या. चार महिने मी आलेख जमवत राहिले. एका बैठकीत आमच्या ज्येष्ठ सहकारी, ज्यांना आम्ही सगळे ताई म्हणतो, त्यांनी शांतपणे विचारले, "प्रथिन उकळून दिलंस का गं कधी?" मी दिले नव्हते. उकळल्यावर प्रथिनाची घडी मोडते, पण जिवाणूंकडून प्रथिनासोबत आलेले एलपीएस उष्णतेला दाद देत नाही, म्हणून उकळूनही परिणाम तसाच राहिला तर तो प्रथिनाचा नव्हे, एलपीएसचा असण्याची शक्यता मोठी असते. माझा परिणाम तसाच राहिला. टीएलआर-४ हा एलपीएसचा रिसेप्टर नसलेल्या उंदरांच्या पेशींनी त्याच प्रथिनाला काहीही प्रतिसाद दिला नाही, तेव्हा शंकेला जागा उरली नाही. टीएलआर-४ चा शोधही अशाच प्रतिसाद न देणाऱ्या उंदरांमुळे लागला होता. सी३एच/हेजे जातीचे उंदीर एलपीएसला का बधत नाहीत, याचा माग काढताना ब्रूस बॉयटलर यांच्या गटाला १९९८ मध्ये त्या जनुकातला बदल सापडला आणि २०११ मध्ये त्यांना नोबेल पुरस्कार विभागून मिळाला. तेव्हापासून मी जिवाणूंमध्ये बनवलेले कोणतेही प्रथिन एलपीएसची चाचणी केल्याशिवाय पेशींना देत नाही. नेहमीच्या ऑटोक्लेव्हने, म्हणजे दाबाखालच्या वाफेने, एलपीएस जात नाही, हेही ध्यानात असू द्यावे. काचसामान सुमारे २५० अंश सेल्सियसला अर्धा तास कोरड्या उष्णतेत ठेवावे लागते.

एवढी काटेकोरपणाची गरज का, हे मला मावशीच्या आजारपणाने शिकवले. तिला आमवात हा सांध्यांचा आजार आहे आणि सकाळी उठल्यावर तासभर तिला पोळपाटावर लाटणे धरता येत नसे. टीएनएफ रोखणारे औषध सुरू करण्याआधी डॉक्टरांनी तिची क्षयरोगाची तपासणी करून घेतली, तेव्हा घरचे गोंधळले होते आणि मला ते समजावून सांगता आले. सांध्यांची नासाडी करणारे टीएनएफच फुफ्फुसात दबून असलेल्या क्षयाच्या जंतूंना कोंडून ठेवायला मदत करते; ते रोखले की सुप्त क्षय डोके वर काढू शकतो. आपल्या देशात हा धोका पुस्तकी नाही. संदेश बंद पाडणे हे उपचाराचे ध्येय असू शकत नाही, तो योग्य जागी आणि योग्य वेळेपुरता आवरावा लागतो, हे तेव्हा मला घरातच दिसले.

प्रवेशाच्या वाटा थोडक्यात सांगते. प्राणिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान किंवा जीवरसायनशास्त्रातील एमएस्सीनंतर सीएसआयआर-यूजीसी नेट ही राष्ट्रीय परीक्षा देऊन जेआरएफ ही संशोधनासाठीची शिष्यवृत्ती मिळवणे हा रुळलेला मार्ग आहे; २०२३ पासून ही शिष्यवृत्ती दरमहा ३७,००० रुपये आणि वरिष्ठ टप्प्यावर ४२,००० रुपये आहे. डीबीटी (जैवतंत्रज्ञान विभाग) आणि आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) यांच्या स्वतंत्र परीक्षाही असतात. पुण्यात राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र आणि आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था), तर दिल्लीत राष्ट्रीय प्रतिरक्षाविज्ञान संस्था येथे या विषयावर काम चालते. देशातील तिन्ही विज्ञान अकादमींच्या उन्हाळी शिष्यवृत्तीतून पदवीच्या काळातच दोन महिने एखाद्या प्रयोगशाळेत काढता येतात आणि ते अवश्य काढावेत.

मार्गदर्शक निवडताना त्यांच्या शोधनिबंधांची यादी पाहावीच, पण त्यांच्या विद्यार्थ्यांशीही बोलावे आणि एकच प्रश्न विचारावा: प्रयोग फसला, तर बैठकीत काय होते? उंदरांवरचे काम असेल, तर प्राणी नैतिकता समितीच्या परवानगीला काही महिने लागू शकतात, म्हणून रुजू झाल्याच्या आठवड्यातच तो अर्ज लिहायला घ्यावा आणि परवानगी येईपर्यंत पेशीमालिकेवर ० ते १२० मिनिटांचा तो प्रयोग तीनदा एकसारखा येईपर्यंत करत राहावे.