वादळ-पावसाचे शब्द शिकताय? या चुका टाळा

चक्रीवादळ, गारपीट, ढगफुटी, वावटळ. इंग्रजी माध्यमातली मुलं आणि नोकरीसाठी महाराष्ट्रात आलेली मंडळी अशी यादी पटकन पाठ करतात. हवामानाची बातमी लागली की मात्र तीच गोंधळतात, कारण खरी गोम क्रियापदांत असते.

‘पाऊस पडला’ म्हणजे आला, पण ‘वारा पडला’ म्हणजे थांबला. वीज पडली तर जिवावर बेतू शकतं, वीज गेली तर फक्त पंखा बंद. सगळ्यांत फसवं ‘उघडणं’. ‘पाऊस उघडला’ ऐकून छत्री शोधू नका, तो थांबलाय. म्हणून वहीत सुटा शब्द लिहूच नका. ‘वारा सुटला’, ‘आभाळ भरून आलं’, ‘गारा पडल्या’, ‘वीज कडाडली’, ‘झड लागली’ असं जोडीनं लिहा. (झड म्हणजे दिवसच्या दिवस न उघडणारा पाऊस.)

दुसरी चूक मराठी घरांतही सर्रास होते. ‘तुरळक ठिकाणी मुसळधार पाऊस’ असा अंदाज ऐकला की लोक ‘तुरळक’वरून पाऊस किरकोळ असल्याचं ठरवून मोकळे होतात. इथे ‘तुरळक’ हे पावसाचं नव्हे, ठिकाणांचं विशेषण आहे. विभागातल्या फार तर २५ टक्के ठिकाणी पाऊस होईल, पण जिथे होईल तिथे झोडपून काढेल. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्याच मुंबईत कुलाब्याला जेमतेम ७३. पाऊस किती आणि कुठे कुठे, हे दोन प्रश्न वेगळे ठेवा.

‘मुसळधार’, ‘अति मुसळधार’, ‘अत्यंत मुसळधार’ ही बातमीदाराची अलंकारिक भाषा वाटते, पण अंदाजात त्यामागे मोजमाप असतं. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पहिला, ११५.६ पासून दुसरा आणि २०४.४ च्या वर तिसरा. इथे एक गंमत आहे. नुकसानभरपाईसाठी महसूल मंडळात ६५ मिलिमीटरची नोंद झाली की ‘अतिवृष्टी’ धरतात. म्हणजे सरकारी ‘अतिवृष्टी’ ही हवामान खात्याच्या नुसत्या ‘मुसळधार’च्या पायरीवरच सुरू होते! ‘अति’ पाहून ‘अतिवृष्टी’ आणि ‘अति मुसळधार’ एकच समजू नका. ढगफुटीचा हिशेब तर तासाचा असतो: छोट्याशा भागात तासाला १०० मिलिमीटर किंवा जास्त. दिवसभराच्या धो धो पावसाला ढगफुटी म्हणण्याची हौस टाळावी.

प्रत्येक जोराच्या वाऱ्याला चक्रीवादळ म्हणणं हीसुद्धा तशीच हौस. समुद्रात आधी कमी दाबाचं क्षेत्र तयार होतं, मग डिप्रेशन, मग डीप डिप्रेशन. वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटरवर गेला की चक्रीवादळ, ८९ पासून तीव्र चक्रीवादळ. ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर धडकलेलं ‘निसर्ग’ या तीव्र गटातलं होतं. आणि कमी दाबाचा ‘पट्टा’ म्हणजे ‘क्षेत्र’ नव्हे. पट्टा लांबट पसरलेला असतो, क्षेत्राभोवती वारे गोल फिरतात. वर्तमानपत्रंही इथे घसरतात.

वळीव आणि अवकाळी यांची गल्लत अलीकडे फार वाढलीय. एप्रिल-मेच्या तापलेल्या दुपारी गडगडाट करत येणारा वळीव हा त्याच्या वेळेचाच पाऊस, त्याची वाट पाहिली जाते. अवकाळी म्हणजे आंब्याच्या मोहरावर किंवा द्राक्षांच्या घडांवर, नको त्या वेळी कोसळणारा. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाडा-विदर्भाला गारपिटीनं झोडपलं, ते अवकाळी. मे महिन्यातल्या सरीला ‘अवकाळी’ म्हणणारे मथळे वाचून शब्द शिकू नका.

हवामान खात्याच्या इशाऱ्यांच्या रंगांचं सोपं आहे: पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा.

कोकणात उतरलात तर ‘तीन नंबरचा बावटा लागला’ हे ऐकाल. बावटा म्हणजे बंदरावर लावलेली वादळाच्या इशाऱ्याची खूण. आकडा चढला की वादळ चढलं, हा अंदाज बराचसा बरोबर आहे. १ म्हणजे दूर समुद्रात कुठेतरी कमी दाब, ३ म्हणजे खुद्द बंदरालाच सोसाट्याच्या वाऱ्याचा धोका, ८ ते १० म्हणजे महाधोका. पण ११ नंबर म्हणजे त्याहून मोठं वादळ असं नाही. इशारा देणाऱ्या हवामान केंद्राशी संपर्कच तुटलाय, एवढाच त्याचा अर्थ.