सोरायटिक आर्थ्रायटिसच्या लवकर निदानाची चाचणी : या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

जीवरसायनशास्त्र शिकून सोरायटिक आर्थ्रायटिसच्या निदान-चाचणीवर काम करू इच्छिणारे विद्यार्थी पहिला प्रश्न बहुधा यंत्राविषयी विचारतात. मी त्यांना आधी त्वचारोगाच्या ओपीडीत बसवते. सोरायसिस या त्वचारोगाच्या रुग्णांपैकी सुमारे ३० टक्क्यांपर्यंत लोकांना हा सांधेविकार जडू शकतो आणि निदानाला सहा महिने उशीर झाला तरी सांध्यांची कायमची झीज होऊ शकते. पण तो निश्चित ओळखणारी एकही रक्तचाचणी नाही. ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर व अँटी-सीसीपी या संधिवातासाठी रक्तात तपासल्या जाणाऱ्या प्रतिपिंडांच्या चाचण्या बहुतेकांत निगेटिव्ह येतात आणि शरीरातला दाह दाखवणारा सीआरपीही अनेकदा नॉर्मल असतो.

म्हणून नवी चाचणी ताडून पाहायची ती अनुभवी डॉक्टरांच्या तपासणीशीच. सोलापुरात ही तपासणी विशेष कठीण जाते, कारण विडी वळणाऱ्या किंवा दिवसभर शिलाई करणाऱ्या बाईची बोटे दुखली तर ती स्वतः आणि घरचेही दोष कामालाच देतात. अशा वेळी बोटाच्या शेवटच्या पेराचा सांधा दाबून पाहावा, नखांवर सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे आहेत का ते उजेडात पाहावे, आणि रुग्ण ज्याला कोंडा म्हणते तो कानामागचा चट्टाही तपासावा. सोरायटिक आर्थ्रायटिसच्या रुग्णांचे वर्गीकरण करणारे २००६ सालचे कॅस्पर निकष जरूर वापरावेत. मात्र ते प्रामुख्याने आजार मुरलेल्या रुग्णांवरून बेतलेले आहेत, हे विसरू नये.

नमुन्यांची हाताळणी कंटाळवाणी वाटते, पण आजाराची खूण म्हणून रक्तात शोधली जाणारी बहुतेक आशादायक प्रथिने माझ्या मते तिथेच फसवतात. रक्त गोठायला साधारण अर्धा तास द्यावा, सीरम (गोठलेल्या रक्तातून सुटणारा द्रव) वेगळे करून लहान लहान भागांत उणे ८० अंशांवर ठेवावे आणि पुन्हा पुन्हा वितळवू नये. सांधेरोगाचे नमुने सकाळी लगेच प्रयोगशाळेत पोहोचले आणि केवळ त्वचारोग असलेल्यांचे नमुने मे महिन्याच्या दुपारी, चाळिशीपार तापमानात ताटकळले, तर दोन गटांत दिसणारा फरक आजाराचा नसून उन्हाचा असू शकतो.

संख्याशास्त्र टाळून तर चालतच नाही. समजा, सोरायसिसच्या १००० रुग्णांपैकी ५० जणांना सांधेविकार नुकताच सुरू झाला आहे आणि आपली चाचणी ९० टक्के संवेदनशील (खऱ्या रुग्णांपैकी ९० टक्के ओळखणारी) व तितकीच विशिष्ट (आजार नसलेल्यांपैकी ९० टक्क्यांना निगेटिव्ह ठरवणारी) आहे. तरीही ती ४५ खऱ्या रुग्णांबरोबर ९५ निरोगी सांध्यांच्या माणसांनाही पॉझिटिव्ह ठरवील. त्यामुळे आधी सोरायसिसच्या रुग्णांत सांधेविकाराचा संशय हेरणारी, पाच प्रश्नांची ‘पेस्ट’ (PEST) प्रश्नावली भरून घ्यावी आणि तीन किंवा अधिक उत्तरे होकारार्थी आलेल्यांचेच रक्त तपासावे, हा क्रम मला व्यवहार्य वाटतो; अर्थात प्रश्नावलीत सुटलेले रुग्ण किती, हेही मोजावे लागते.

खरी कसोटी मात्र सांधे अजून न दुखणाऱ्या रुग्णांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करण्यात आहे. त्यासाठी तपासणीची वेळ ठरवताना कारखान्यात विड्या जमा करण्याची वेळ आधी विचारून घ्यावी, कारण त्या दिवसाची मजुरी बुडवून कोणी केवळ संशोधनासाठी येईल, अशी अपेक्षा ठेवणे योग्य नाही.