पोकरवर पोट भरायचंय? मग या चुका टाळा

आखाजी (अक्षय्य तृतीया) जवळ आली की मला फोन सुरू होतात. "दादा, यंदा गावात लई जिंकलो, पोकरमध्ये उतरू का?" खानदेशात आखाजीला पत्ते बसतातच. पण तीन पत्तीत चार रात्री ब्लाइंड, म्हणजे पत्ते न बघता, खेळून जिंकणं वेगळं आणि वर्षभर घर चालवणं वेगळं. मी दहा वर्षं भुसावळहून गोवा एक्स्प्रेसनं ये-जा करून गोव्यात पोकरच्या टेबलावर कमावलं. पोरांच्या त्याच त्या चुका पाहून जीव तुटतो.

सगळ्यात घातक चूक म्हणजे घरचा आणि खेळाचा पैसा एकाच खात्यात ठेवणं. मी ती केली आहे. माझ्याकडे खेळाचे ४ लाख होते. मी १००-२०० ब्लाइंडच्या (पत्ते वाटण्याआधी दोघांनी भरायच्या सक्तीच्या रकमा) टेबलावर बसायचो, बायइन, म्हणजे टेबलावर बसताना घ्यायची रक्कम, २० हजारांचा. तेवढ्यात वडिलांनी केळी कापणीचे साडेतीन लाख माझ्या खात्यात टाकले. मृगबागेची रोपं आणि ठिबकच्या नळ्या घ्यायच्या होत्या. खात्यात साडेसात लाख दिसले आणि मी ५००-१००० च्या टेबलावर जाऊन बसलो. तिथं एक बायइनच लाखाचा. पहिल्या रात्री माझ्या राजांच्या जोडीसमोर एक्क्यांची जोडी निघाली. दुसऱ्या रात्री मी पत्ते बघून खेळतच नव्हतो, गेलेला पैसा परत हवा होता, बस्स. ५ लाख गेले. वडील एक शब्द बोलले नाहीत, सोसायटीचं कर्ज काढून त्यांनी लागवड केली. ते हप्ते मी दोन वर्षं फेडले.

तेव्हापासून माझी दोन बँकांत दोन खाती आहेत. घरच्या खात्याचं कार्ड बायकोच्या कपाटात असतं, गोव्याला येत नाही. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला, त्यानंतर ५० बायइन, मग टेबल. टूर्नामेंट खेळणाऱ्याला १०० सुद्धा कमी पडतात. "एवढे जमायला किती वर्षं लागतील?" असं विचारणाऱ्याला मी नोकरी सोडू देत नाही. अमेरिकेच्या स्टू उंगरनं पोकरच्या वर्ल्ड सिरीजचा मेन इव्हेंट (मुख्य स्पर्धा) १९८०, १९८१ आणि १९९७ असा तीनदा जिंकला. १९९८ मध्ये लास व्हेगासच्या एका मोटेलात तो गेला, तेव्हा गाठीला जवळजवळ काही नव्हतं. पत्त्यांत त्याला तोड नव्हती, पैसा सांभाळता आला नाही.

दुसरी चूक, एका हातावरून, म्हणजे एका डावावरून, स्वतःला जोखणं. "एक्के होते भो, तरी हरलो!" हरणारच. एक्क्यांची जोडी सरासरी २२१ हातांत एकदा येते. ऑनलाइन नसलेल्या, खऱ्या टेबलावर तासाला २५-३० हात होतात, म्हणजे आठेक तास वाट बघायची. आणि सगळे पैसे आत गेल्यावर राजांच्या जोडीसमोरही ती शंभरात साधारण १८ वेळा हरते. हे रक्तात भिनलं नाही तर माणूस टिल्टवर जातो, म्हणजे डोकं फिरून खेळतो, आणि पुढच्या तासात तिप्पट घालवतो. मी मोठा हात हरलो की उठून पाणी पितो, तो हात वहीत लिहितो: ब्लाइंड किती, कोण कुठे बसलं होतं, मी का कॉल केला (समोरच्यानं लावले तेवढे पैसे का भरले). निकाल लिहीत नाही. महिन्यानं वाचलं की निर्णय चुकला होता का, ते स्वच्छ दिसतं. व्हिडिओ बघून आठ दिवसांत शिकणाऱ्यांना ही वही कंटाळवाणी वाटते, पण मला याहून जवळचा रस्ता सापडलेला नाही.

पोरं रेक, म्हणजे टेबल चालवणारा डावातून कापतो तो हिस्सा, मोजत नाहीत. लहान रकमांच्या टेबलावर बरा खेळाडूही त्यातच कोरडा होतो.

कर विसरतात. जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के, वर सेस, आणि हरलेले पैसे त्यातून वजा होत नाहीत.

झोप न घेता सोळा तास बसतात. मी सहा तासांनंतर उठतो, जिंकत असलो तरी.

२०२५ च्या केंद्रीय कायद्यानं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली, पोकरही त्यातच. तरी कुणी एजंट टेलिग्रामवर ॲपची लिंक पाठवतो आणि पोरं पैसे भरतात. ते अडकले तर तक्रार कुठं करणार?

आणि व्याजानं पैसे काढून बायइन भरायचा असेल, तर मला फोन करू नका. आधी ते पैसे ज्याचे त्याला परत करा, मग बोलू.