खानदेशच्या उन्हात त्वचेची निगा राखताना या चुका टाळा

आखाजीपासून (अक्षय्य तृतीयेपासून) मृग लागेपर्यंत जळगाव-भुसावळकडे पारा अनेकदा 45 अंशांपर्यंत जातो. अशा उन्हातून घरी आलेला माणूस आधी मोरीकडे वळतो, साबणाने तोंड खसखसून धुतो आणि तासाभराने पुन्हा धुतो. त्वचेच्या कितीतरी तक्रारींची सुरुवात या अतिस्वच्छतेतून होते, असे माझे ठाम मत आहे.

निरोगी त्वचेचा वरचा थर किंचित आम्लधर्मी असून त्याचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप) 5 च्या आसपास असतो, तर अंघोळीच्या नेहमीच्या साबणाचा 9 ते 10 असतो. त्यामुळे दिवसातून चार-पाच वेळा साबण लावला की त्वचेतील स्निग्धता निघून जाते आणि आतला ओलावा टिकत नाही. त्यात बोअरचे पाणी जड असेल, तर पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमशी साबणाचा संयोग होऊन जो साका बादलीच्या कडेला दिसतो, तोच अंगावरही राहतो. धुतल्यावर चेहरा ओढल्यासारखा वाटणे ही कोरडेपणाची खूण समजावी. सकाळी व रात्री सौम्य फेसवॉश वापरावा, मधल्या वेळी नुसते साधे पाणी पुरते. अंघोळीनंतर अंग न घासता टॉवेलने टिपावे आणि त्वचा ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावावे. उन्हाळ्यात त्याची गरज नसते हा समजही चुकीचा आहे, कारण झळांच्या कोरड्या हवेत त्वचेतील पाणी अधिक वेगाने उडते.

लिंबू चेहऱ्यावर चोळून उन्हात जाऊ नये. त्याच्या रसातील काही घटकांमुळे सूर्यप्रकाशात त्वचा भाजल्यासारखी होते आणि नंतर काळे डाग पडतात, जे कित्येक महिने राहू शकतात. सनस्क्रीन किमान 30 एसपीएफचे असावे. चेहरा व मानेसाठी दोन बोटांच्या लांबीइतके घ्यावे आणि बाहेर असताना दर दोन तासांनी पुन्हा लावावे. स्कार्फ किंवा रुमाल बांधणे उत्तमच, मात्र घामाने भिजलेला तोच कपडा दुसऱ्या दिवशी धुतल्याविना बांधल्यास पुरळ वाढू शकते.

सर्वांत गंभीर चूक मेडिकलच्या काउंटरवर होते. गोरेपणासाठी किंवा गजकर्णासाठी म्हणून शेजारणीने सांगितलेले मलम आणले जाते आणि त्यात बेटामेथासोन किंवा क्लोबेटासोलसारखे स्टिरॉइड असते. सुरुवातीला चेहरा उजळ दिसतो, खाज थांबते. पुढे त्वचा पातळ होते, बारीक लाल शिरा दिसू लागतात, मुरुमे व केस वाढतात, आणि गजकर्ण तर वेगाने पसरते. केंद्र सरकारने 2018 मध्ये अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकण्याचे बंधन घातले, तरीही ती सहज हाती पडतात. बरेच दिवस लावलेले मलम बंद करताच चेहरा लाल होऊन आग होत असेल, तर पुन्हा तेच लावू नये. त्वचारोगतज्ज्ञांना ट्यूब दाखवून त्यांच्या सल्ल्याने पुढचे उपचार घ्यावेत.

रात्री झोपण्यापूर्वीची पाच मिनिटे मात्र चुकवू नयेत. कापूस वेचून किंवा केळीच्या बागेतून आलेल्या बायांच्या टाचांना भेगा पडतात आणि त्या वजरीने जोरात घासल्या जातात. त्याऐवजी पाय कोमट पाण्यात थोडा वेळ भिजवून, वजरी हलक्या हाताने फिरवून, पुसून पेट्रोलियम जेली लावावी. मधुमेह असलेल्यांनी वजरी वापरू नये. त्यांनी तळवे व बोटांमधील जागा रोज उजेडात पाहावी, कारण संवेदना कमी झाल्याने जखम कळत नाही. याच वेळी अंगावर कुठे फिकट चट्टा दिसला आणि तेथे स्पर्श जाणवत नसला, तर त्यावर घरगुती लेप लावण्यात वेळ घालवू नये. तो कुष्ठरोगाचा असू शकतो. सरकारी दवाखान्यात त्याचे उपचार मोफत मिळतात आणि ते लवकर सुरू केल्यास रोग पूर्ण बरा होऊन हातापायांतील व्यंग टळते.