माळ्यावरच्या निगेटिव्हमधून स्टुडिओचा इतिहास कसा काढावा

आमचा स्टुडिओ नारायण पेठेत. आधी आजोबा, मग नाना आणि काका, आता मी. लग्नाचे फोटो आम्ही पोटापुरते काढले. खरं काम इमारतींचं. गिऱ्हाईक म्हणजे आर्किटेक्ट नाहीतर कंत्राटदार. पाया खणल्यापासून वास्तुशांतीपर्यंत एकाच घराच्या दहा-दहा फेऱ्या. तीन वर्षांपूर्वी माळा उपसला तेव्हा चाळीसेक खोकी निघाली. तुमच्याही घरी असं काही पडलं असेल, तर मी केलेल्या चुका तुम्ही परत करू नका.

फोटो बघत बसू नका. आधी वही शोधा. ऑर्डरची वही, बिलबुक, कीर्द, जे मिळेल ते. मी उलटं केलं. काचा (जुन्या निगेटिव्ह काचेवरच असत) उजेडाला धरून 'वा, वा' करण्यात दोन महिने घालवले आणि हाती काही लागलं नाही. निगेटिव्ह घर दाखवते. ते कुणाचं, कशासाठी, किती पैशांत, हे वहीतच असतं. जुने स्टुडिओ काचेवरच काळ्या शाईने नंबर घालत, तो प्रिंटवर पांढरा उमटे. जुन्या काळचे नामांकित फोटोग्राफर लाला दीनदयाळ यांच्या प्रिंटवर खाली नंबर आणि नाव असं दिसतं. सिकंदराबादेत बस्तान बसवून त्यांनी १८९६ साली मुंबईतही स्टुडिओ काढला, १९०५ साली ते गेल्यावर मुलाने काम चालवलं. तो पसारा आजही लावता येतो त्यात या नंबरांचा मोठा हात आहे. आमच्या आजोबांनीही नंबर घातले होते. मी ते 'खराब दिसतात' म्हणून स्कॅनमधून कापून टाकले. पहिल्या दोनशे काचा पुन्हा स्कॅन कराव्या लागल्या.

वहीवर तारीख नसेल तर घाबरू नका, पैसे बघा. 'रु. १२-८-०' असं तीन खणांत लिहिलेलं असेल तर ते आणे-पैचं बिल, म्हणजे बहुधा १ एप्रिल १९५७ च्या आधीचं. 'न.पै.' (नवे पैसे) दिसलं तर त्यानंतरचं. गिऱ्हाइकाच्या पत्राच्या डोक्यावर 'मुंबई राज्य' असेल तर १ मे १९६० च्या अलीकडे येऊ नका. पत्त्यात सहा आकडी पिनकोड आला की १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. (उलटं धरू नका. पिन नाही म्हणजे जुनंच असं नाही. आमचं छापील लेटरहेड संपेपर्यंत नाना वापरत होते, संपायला नऊ वर्षं लागली.)

पुण्यातल्या पेठांतल्या लोकांना आणखी एक खूण आयती मिळते. १२ जुलै १९६१, पानशेत. आमच्या स्टुडिओत पाणी छातीपर्यंत आलं. खालच्या फळीवरचं सगळं गेलं, माळ्यावरचं वाचलं, मधल्या फळीवरच्या पाकिटांवर मात्र गाळाची तपकिरी रेघ आहे. रेघ असलेलं पाकीट पुराआधीचं, यावर मी डोळे झाकून विश्वास ठेवतो. तो गाळ धुवायला जाऊ नका. मी एक काच ओल्या फडक्याने पुसली आणि इमल्शन (काचेवरचा चित्राचा थर) सायीसारखं सुटून फडक्यावर आलं. एका बंगल्याचा व्हरांडा होता तो.

काच कडांनी धरायची. चकचकीत बाजू म्हणजे नुसती काच, मंद दिसते ती इमल्शनची. काचा लांब बाजूवर उभ्या ठेवा, एकावर एक रचू नका. वजनाने तळातली तडकते. फिल्मला आंबूस, व्हिनेगरसारखा वास येत असेल तर ती सडायला लागली आहे, ते पाकीट आधी स्कॅन करा आणि बाकीच्यांपासून लांब ठेवा. १९५१ च्या आधीच्या फिल्मच्या कडेला इंग्रजीत 'सेफ्टी' छापलेलं नसेल तर ती नायट्रेटची, म्हणजे चटकन पेट घेणारी असू शकते. तीही वेगळी काढा, देवघराजवळ किंवा गॅसजवळ तर नकोच, आणि जाणकाराला दाखवा. काका म्हणाले, "एक तुकडा पेटवून बघू." नका बघू.

आता उन्हाचं. हे मला फार उशिरा कळलं. पुण्यात उत्तरेकडच्या भिंतीवर थेट ऊन साधारण २१ मार्च ते २३ सप्टेंबर याच काळात पडतं, एरवी दिवसभर सावली. त्यात जूननंतर ढग. म्हणून आमच्या वहीत उत्तराभिमुख बंगल्यांची कामं एप्रिल-मेमध्ये गच्च आहेत, सकाळी सातच्या सुमाराला. छज्ज्याची सावली भिंतीवर तिरपी उतरलेली दिसली आणि दार उत्तरेला आहे हे जागेवर जाऊन पाहिलं, की महिना सापडतो. वर्ष पुन्हा वहीतून.

घरच्या गोष्टींचं काय करायचं? आमच्या पाटीवर 'स्थापना १९३६' आहे. वहीतलं पहिलं बिल १९४१ चं. आधीची पाच वर्षं आजोबा दुसऱ्याच्या डार्करूममध्ये हायपो (फोटो पक्का करायचं रसायन) ढवळत होते, हे त्यांच्याच एका पत्रात आहे. काका चिडले, आठवडाभर बोलले नाहीत. मी दोन्ही लिहिलं: पाटी काय म्हणते आणि वही काय म्हणते. पाटी बदलली नाही.

म्हाताऱ्या माणसांना "तेव्हा कसं होतं?" असं विचारू नका. काकांना विचारलं की ठरलेली पुराची गोष्ट सुरू होते, ठरलेल्या ठिकाणी थांबते. त्याऐवजी हातात एक निगेटिव्ह द्या आणि गप्प बसा. जिन्याच्या एका फोटोवर ते म्हणाले, "इथे स्टँडचा पाय घसरत होता, नानाने खाली गूळ चिकटवला होता. मालकाच्या मुंग्या आल्या." असं कुठल्या वहीत मिळतं? फोन रेकॉर्डिंगला लावून ठेवा, पण आधी सांगून.

नेटवर टाकण्याआधी एक बघा. कायद्याप्रमाणे पैसे घेऊन कुणासाठी काढलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, गिऱ्हाईक असतो. निगेटिव्ह तुमच्या माळ्यावर आहे म्हणून हक्क तुमचा होत नाही. आम्ही ज्यांची घरं ओळखली त्यांच्या वारसांना आधी प्रिंट नेऊन दिली. बहुतेकांनी चहा पाजला, एकाने बिल दाखवा म्हटलं. ते होतं.

उरलेल्यांसाठी एक खोकं ठेवलंय, वर 'माहीत नाही' लिहिलेलं. दर रविवारी काका त्यातली एक काच काढतात. मागच्या रविवारी मी तासभर एक वाडा ओळखायचा प्रयत्न करत होतो. त्यांनी चष्मा वर केला, काच माझ्या हातातून घेतली आणि म्हणाले, "उलटी धरलीयस."