नर्सिंगला प्रवेश घेताय? पुढं नोंदणी अडकवणाऱ्या या चुका टाळा

बारावीचा निकाल लागला की जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडचे आईवडील मुलींना घेऊन मिरजेला येतात. दवाखान्यांचं गाव म्हणून मिरजेवर सगळ्यांचा विश्वास. त्यातलेच काही जण 'सहा महिन्यांत नर्सिंग' अशी पाटी बघून आत शिरतात आणि त्याच दिवशी पैसे भरून टाकतात. मला सगळ्यात जास्त वाईट याचंच वाटतं, कारण तो पैसा बहुतेक वेळा उसाच्या बिलाचा नाहीतर सोनं गहाण ठेवून आणलेला असतो.

अशा कोर्सवर नर्स होता येत नाही. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या रजिस्टरात नाव लागलं तरच नर्स, आणि ते नाव लागतं एएनएम (सहायक नर्स-प्रसविका), जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) किंवा बीएस्सी नर्सिंग (पदवी) अशा मान्यताप्राप्त शिक्षणावर. म्हणून फी भरण्याआधी सरळ विचारा, "कोर्स झाल्यावर कौन्सिलकडं नोंदणी होते का?" 'होतंय की, काळजी करू नका' एवढ्यावर विश्वास ठेवू नका. कॉलेजची चालू वर्षाची मान्यता आणि मंजूर जागा कागदावर बघा. बीएस्सी असेल तर कॉलेज नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे की अभिमत विद्यापीठाचं, तेही विचारा.

दुसरी गफलत कोर्स निवडताना होते. एएनएम दोन वर्षांचं, त्यावर उपकेंद्रात आरोग्यसेविका होता येतं. सरकारी रुग्णालयात स्टाफ नर्स व्हायचं तर जीएनएम किंवा बीएस्सी लागतं. आर्ट्सच्या मुलीला जीएनएम करता येतं. बीएस्सीला मात्र फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि सीईटी ही प्रवेश परीक्षा हवी. जातपडताळणीचं प्रमाणपत्र निकालानंतर काढायला गेलात तर जागा हातची जाते. अर्ज अकरावी-बारावीतच टाका.

प्रवेश झाल्यावर मुली हजेरीत फसतात. ८० टक्के हजेरी परीक्षेला बसण्यापुरती. प्रॅक्टिकल मात्र कोर्स संपेपर्यंत १०० टक्के पुरं करावं लागतं. गावची जत्रा, भावाचं लग्न म्हणून बुडवलेली प्रत्येक ड्युटी शेवटी भरून द्यावी लागते. केसबुकचंही, म्हणजे केलेल्या कामाच्या नोंदवहीचंही, तेच. लेबर रूममध्ये प्रसूती केली की नोंद त्याच शिफ्टमध्ये आणि ड्युटीवरच्या सिस्टरांची सही त्याच दिवशी. 'नंतर घेऊ' म्हणता म्हणता त्या सिस्टरांची बदली होते, मग परीक्षेच्या तोंडावर वही काखेत मारून मुली एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात सह्यांसाठी पळत असतात.

आता नावाचं. दहावीच्या मार्कलिस्टवर 'पाटील'मध्ये 'आय', आधारवर 'डबल ई'. कुठं आईच्या नावात एक अक्षर जास्त. घरी कुणाच्या डोळ्यांना ते खुपत नाही, पण कौन्सिलच्या अर्जात तेवढ्यावरच त्रुटी निघते. प्रवेशाआधी दहावीची मार्कलिस्ट, शाळा सोडल्याचा दाखला आणि आधार शेजारी ठेवून एकेक अक्षर जुळवा. दुरुस्ती दहावीच्या मार्कलिस्टप्रमाणे करा. कोर्स चालू असताना लग्न ठरलं तरी नोंदणी जुन्याच नावानं होऊ द्या. नंतर विवाह प्रमाणपत्र आणि राजपत्र जोडून नाव बदलून घ्या.

निकालानंतर नोंदणी लांबवू नका. खासगी दवाखाने 'ट्रेनी' म्हणून लगेच ठेवून घेतात, वर्ष कसं गेलं कळत नाही, आणि नोंदणीआधीचा तो अनुभव पुढं सहसा धरत नाहीत. कर्नाटकात शिकून तिथं नोंदणी केलेल्या मुलींना सांगली-मिरजेत काम करायचं तर महाराष्ट्राच्या कौन्सिलकडं नोंदणी करावीच लागते. त्यासाठी तिकडच्या कौन्सिलकडून पडताळणी मागवावी लागते, त्यात वेळ जातो.

नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी असतं आणि त्याला सीएनईचे, म्हणजे नोंदणीनंतर चालू ठेवायच्या प्रशिक्षणाचे, तास लागतात. बाळंतपणात घरी असलात तरी तारीख थांबत नाही. सीएनईच्या कार्यशाळांची प्रमाणपत्रं एका फाइलीत ठेवा आणि मुदतीची तारीख त्याच फाइलीवर मोठ्या अक्षरात लिहा.